साक्ष कुणाची धरायची? सॅन फ्रान्सिस्को बंदरातली कोर्टं आणि चिनी माणसं

खाडीकाठ

दर शनिवारी मी भाजीसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये जाते. कारली, कोवळा दुधी, मुळ्याचा पाला तिथे मिळतो तसा आमच्या इंडियन स्टोअरमध्येही मिळत नाही. पिशव्या भरल्या की पोर्ट्समथ स्क्वेअरमधल्या बाकावर दहा मिनिटं टेकते. म्हातारी चिनी माणसं खोकं उलटं घालून त्यावर पत्ते मांडून बसलेली असतात. भोवती उभ्याउभ्या सल्ले देणारी गर्दी, पारावर असते तशी. याच चौकासमोर केर्नी स्ट्रीटवर १८५० च्या दशकात शहराची कचेरी होती, कोर्टं होती. आणि त्या काळात चिनी माणसाने पाहिलेलं, ऐकलेलं, सोसलेलं काहीही गोऱ्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून चालत नव्हतं. नऊ वर्षं इथे राहून हे मला माहीत नव्हतं याची खंत वाटली, म्हणून गेले काही महिने जमेल तसं वाचतेय. ते इथे मांडते. चूक दिसली तर सांगा.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. त्यानंतर चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कँटन भागातून तरुण मुलं बोटी भरभरून येऊ लागली. एकट्या १८५२ मध्ये सुमारे २०,००० चिनी या बंदरात उतरले. ते या मुलखाला 'सोन्याचा डोंगर' म्हणायचे. उतरले की खाणींकडे. तिथे परदेशी खाणकामगारांवरचा कर दरमहा आधी ३ आणि मग ४ डॉलर, आणि वसुली प्रामुख्याने यांच्याकडूनच.

१८५३ मध्ये नेवाडा काउंटीत लिंग सिंग नावाच्या चिनी खाणकामगाराचा खून झाला. आरोपी जॉर्ज हॉल, गोरा. खटल्यात चिनी साक्षीदार उभे राहिले, दुभाष्याने त्यांचं म्हणणं ज्यूरीला सांगितलं, आणि गोऱ्यांच्या ज्यूरीने हॉलला दोषी ठरवलं. फाशीची शिक्षा सुनावली गेली. इथवर सगळं रीतसर.

हॉलने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. मुद्दा एकच, चिन्यांची साक्ष घ्यायलाच नको होती. १८५० च्या कायद्यात कलम होतं की काळा, मिश्र रक्ताचा किंवा 'इंडियन' माणूस गोऱ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देऊ शकणार नाही. चिनी हा शब्द त्यात नव्हता. मुख्य न्यायाधीश ह्यू मरे यांनी १८५४ मध्ये निकाल लिहिला, आणि त्यातली वाट अशी. कोलंबस निघाला आशियाकडे. अमेरिकेला लागल्यावर त्याला वाटलं आपण इंडीजला पोचलो, म्हणून तिथल्या लोकांना त्याने इंडियन म्हटलं. म्हणजे 'इंडियन' या नावात त्या वेळी आशियातली माणसंही धरलेली होती. शिवाय इथले मूळ रहिवासी आशियातूनच आले असं काही विद्वान म्हणतात. आणि हे कुणाला पटत नसेल तर 'काळा' या शब्दाचा अर्थ 'गोरा नसलेला प्रत्येक जण' असाच घ्यावा. शेवटी मरेसाहेबांनी मनातली भीतीही लिहून ठेवली आहे. आज यांना साक्ष देऊ दिली तर उद्या हे मतदानाला येतील, ज्यूरीत बसतील, न्यायासनावर बसतील, कायदेमंडळात शिरतील. हॉलची शिक्षा रद्द झाली.

मी हा निकाल वाचून उठले आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. आपला देश शोधताना एक खलाशी साडेतीनशे वर्षांपूर्वी चुकतो आणि त्या चुकीचा आधार घेऊन खून झालेल्या चिनी माणसाचा न्याय बुडवला जातो. या तर्काने रत्नागिरीचा एखादा खलाशी तेव्हा या बंदरात उतरला असता तर त्याचीही साक्ष बाद ठरली असती.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ लक्षात घ्या. जिथे चिनीच राहतात अशा वस्तीत गोऱ्याने दरोडा घातला, मारलं, जाळलं, तर पाहणारे सगळे चिनीच. गोरा साक्षीदार मिळाला नाही तर गुन्हा घडूनही खटला उभा राहत नाही. हे गुन्हा करणाऱ्यालाही ठाऊक होतं.

काळ्या माणसांचंही तेच. १८६१ मध्ये याच शहरात जॉर्ज गॉर्डन नावाच्या काळ्या न्हाव्याचा एका गोऱ्याने खून केला. पाहणारा साक्षीदार दिसायला गोरा होता. तेव्हा डॉक्टर बोलावले गेले, त्यांनी त्याचे केस तपासले, रक्तात भेसळ आहे असं सांगितलं, आणि त्याची साक्ष बाद झाली. त्याने काय पाहिलं होतं हे विचारण्याआधी त्याचा केस पाहिला गेला.

काळ्या नागरिकांनी १८५५ पासून परिषदा भरवल्या, अर्जांवर हजारो सह्या जमवल्या, आणि १८६३ मध्ये त्यांच्यावरची बंदी उठली. पण त्याच वर्षी चिनी आणि मूळ रहिवाशांवरची बंदी कायद्यात नाव घालून पक्की केली गेली. ती गेली १ जानेवारी १८७३ ला, राज्याची नवी संहिता अमलात आली तेव्हा. हॉलच्या निकालापासून अठरा वर्षांहून थोडी जास्त.

---

रानजाई

ताई, सुन्न झाले वाचून. केस तपासून साक्ष ठरवायची हे वाचताना आपल्याकडची सावली आठवली. कुणाच्या अंगावर कुणाची सावली पडली यावरून माणूस ठरवणारे आपणही कमी नव्हतो.

१८७३ हे साल वाचून एक गोष्ट चटकन डोक्यात आली. महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' त्याच वर्षी निघाली आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांनी त्या लढ्याचं मोल ओळखलं होतं. आणि सरकारी कचेरीत अडाणी शेतकऱ्याच्या तोंडचं कारकून कागदावर काय उतरवतो, यावर तर ते आयुष्यभर लिहीत राहिले. तुम्ही म्हणता तोच प्रश्न. बोलायचं कुणी आणि लिहून घ्यायचं कुणी.

एक विचारते. बायकांचं काय? त्या बोटींतून बायकाही आल्या असतील ना?

---

खाडीकाठ

रानजाई, आल्या, पण फार थोड्या, आणि त्यांच्यावर पहिला आळ चारित्र्याचा. ऑगस्ट १८७४ मध्ये 'जपान' नावाची आगबोट हाँगकाँगहून आली. राज्याचा इमिग्रेशन कमिशनर बोटीवर चढला आणि बावीस चिनी बायकांना बघून 'या बदफैली आहेत' असं त्याने ठरवलं. नुसतं बघून. प्रत्येकीमागे ५०० डॉलरचा सोन्यातला जामीन भरा नाहीतर परत न्या, असं कप्तानाला सांगितलं. इथल्या कोर्टात सुनावणी झाली तेव्हा बाह्या किती रुंद आहेत, आतला कपडा कोणत्या रंगाचा आहे, यावर साक्षी झाल्या. राज्यातल्या कोर्टांनी कमिशनरचं बरोबर म्हटलं.

त्यातली एक, चाय लुंग, हिचं प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८७६ मध्ये न्यायमूर्ती मिलर यांनी कॅलिफोर्नियाचा तो कायदा रद्द केला. एका अधिकाऱ्याने बोटीवर चढून कुणाच्याही तोंडाकडे बघून लाच उकळावी अशी ही सोय आहे, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. पण तोवर दीड वर्ष गेलं होतं. परक्या बंदरात, भाषा येत नसताना, 'बदफैली' हा शिक्का घेऊन काढलेलं दीड वर्ष.

---

जुनावकील

ताई, धागा उत्तम. मी पस्तीस वर्षं जिल्हा कोर्टात वकिली केली, आता कोकणात घरी असतो. साक्षीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून राहवेना. आमच्याकडे अशिलाला पहिलं हेच सांगतो, बाबा, तुझं खरं असून चालत नाही, ते सांगणारं तोंड कोर्टाने धरलं पाहिजे.

तुम्ही कदाचित पुढे लिहिणार असाल, पण लाँड्रीच्या खटल्यावर मी लिहितो, कारण त्याचा आपल्या घटनेशी थेट संबंध आहे.

१८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने नियम केला की विटांच्या किंवा दगडी इमारतीखेरीज इतरत्र लाँड्री चालवायची तर मंडळाची परवानगी लागेल. आगीच्या भीतीने केलेला नियम, वाचायला बिनतोड. शहरात तेव्हा ३२० च्या आसपास लाँड्र्या, त्यातल्या ३१० लाकडी घरांत, आणि सुमारे २४० चिन्यांच्या. दोनशे चिन्यांनी अर्ज केले. दोनशेच्या दोनशे फेटाळले. चिनी नसलेल्या ऐंशी जणांना, एखादा अपवाद सोडला तर, परवानगी मिळाली. लाकूड तेच, भट्टी तीच, इस्त्रीचे निखारे तेच.

यिक वो हा बावीस वर्षं लाँड्री चालवत होता. अग्निशमनवाल्यांचा दाखला त्याच्याकडे होता, आरोग्य खात्याचाही होता. त्याला दहा डॉलर दंड झाला, तो त्याने भरला नाही, तुरुंगात गेला. त्याच्यासारखे दीडशेच्या वर पकडले गेले होते. धोब्यांच्या संघाने वर्गणी काढून शहरातला नावाजलेला वकील, हॉल मॅकॅलिस्टर, उभा केला. १० मे १८८६ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने यिक वोच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती मॅथ्यूज यांनी म्हटलं त्याचा आशय असा, की कायदा तोंडावर कितीही सरळ दिसो, तो वाईट नजरेने आणि भेदाच्या हाताने राबवला गेला तर ते समान संरक्षण नाकारणंच आहे. आणि हे संरक्षण नागरिकालाच आहे असं नाही, त्या भूमीवर असलेल्या प्रत्येक माणसाला आहे.

आता आपल्याकडे या. आपल्या घटनेच्या १४ व्या कलमात 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतून आले, आणि तेही 'कोणत्याही व्यक्तीस' म्हणून, फक्त नागरिकास नव्हे. १९५२ मध्ये अन्वर अली सरकार खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पश्चिम बंगाल सरकारला वाटेल तो खटला खास कोर्टाकडे पाठवायची मुभा देणारा कायदा होता. न्यायालयाने ती तरतूद १४ व्या कलमाविरुद्ध ठरवली, आणि त्या निकालात यिक वोच्या खटल्याची चर्चा आहे. लॉ कॉलेजात हे नाव आम्ही घोकलं होतं. तो कपडे धुणारा माणूस होता, तुरुंगात जाऊन बसला होता, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

---

शंकासूर

माहिती चांगली आहे, पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो, राग मानू नये. त्या काळी जगात कुठे समानता होती? आजच्या फूटपट्टीने दीडशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशांना मोजणं बरोबर आहे का? शिवाय तुमच्याच लिहिण्यातून दिसतं की चाय लुंग जिंकली, यिक वो जिंकला. म्हणजे व्यवस्थेने स्वतःला सुधारलं. चीनमध्ये त्या वेळी एखाद्या परक्याला असा न्याय मिळाला असता का?

---

खाडीकाठ

शंकासूर, राग कसला, हा प्रश्न मलाही पडला होता. पण मी आजची फूटपट्टी लावत नाहीये. त्या काळची लावली तरी तेच माप येतं.

हॉलच्या खटल्यात तीन न्यायाधीश होते. त्यातल्या वेल्स यांनी निकालाला संमती दिली नाही. म्हणजे त्याच खोलीत, त्याच दिवशी, 'हे चूक आहे' म्हणणारा माणूस बसलेला होता. त्याआधी दोन वर्षं, मे १८५२ मध्ये, नॉर्मन असिंग नावाच्या चिनी व्यापाऱ्याने राज्यपाल बिगलर यांना वर्तमानपत्रातून उघड पत्र लिहिलं होतं. तुमचा देश रान होता तेव्हा आमच्याकडे कला आणि व्यापार होता, आणि कातडीच्या रंगावरून माणूस ठरवायचं तुमच्या राज्यघटनेत कुठे लिहिलंय, असा त्याचा रोख होता.

आणि सुधारलं म्हणता, त्याआधी लोकांनी काय काय सोसलं ते पाहा. १८७० मध्ये शहराने नियम केला की झोपायच्या खोलीत माणशी ५०० घनफूट हवा हवी. गर्दीने राहणाऱ्या चिनी मजुरांनाच तो लावला गेला. रात्री पोलीस खोल्यांत शिरायचे आणि झोपलेल्यांना उठवून न्यायचे. लोकांनी दंड भरायचं नाकारलं, तुरुंग भरले. इतके भरले की तुरुंगातच माणशी ५०० घनफूट हवा उरली नाही. त्याच वर्षी कावडीवर बंदी आली. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना टोपल्या, हे घेऊन फुटपाथवरून चालायचं नाही. भाजी विकणारे, कपडे पोचवणारे चिनी असेच चालायचे. लाँड्रीचा परवानाही तसाच. कपडे पोचवायला घोडागाडी असेल तर फी थोडी, गाडीच नसेल तर तिमाहीला १५ डॉलर. चिन्यांकडे गाड्या नव्हत्या. या एकाही नियमात चिनी हा शब्द नाही.

तुरुंग भरून लोक नमेनात तेव्हा १८७६ मध्ये आणखी एक नियम आला. कैद्याचे केस डोक्यापासून एक इंच ठेवून कापायचे. यातही चिनी शब्द नाही. पण तेव्हाच्या चिनी पुरुषाची वेणी ही हौस नव्हती. वेणी नसेल तर त्याला मायदेशी परतणं मुश्किल, आणि आपल्या माणसांत तोंड दाखवणंही.

१८७८ मध्ये हो आ काओ हा मजूर हवेच्या नियमाखाली पकडला गेला. दहा डॉलर दंड किंवा पाच दिवस तुरुंग. त्याने तुरुंग घेतला. शेरीफ नुनानच्या माणसांनी त्याची वेणी कापली. पाच दिवसांच्या शिक्षेसाठी, जी वाढायला सारी उमर गेली ती वेणी.

त्याने शेरीफवर दहा हजार डॉलरचा दावा लावला. एका मजुराने. १८७९ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला. नियमात नाव नसलं तरी त्याला सगळं शहर काय म्हणतं हे आम्हाला ठाऊक आहे, न्यायासनावर बसलो म्हणजे आम्ही आंधळे होत नाही, माणूस म्हणून जे दिसतं ते न्यायाधीश म्हणून दिसत नाही असं म्हणता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. उद्या सगळ्या कैद्यांना डुकराचं मांस वाढायचा नियम केलात तर तो दिसायला सगळ्यांसाठी असेल, पण मार कुणावर बसेल, असंही विचारलं.

हे वाचून मला फील्ड यांच्याबद्दल फार आदर वाटला. मग पुढचं वाचलं.

चे चान पिंग हा १८७५ पासून इथे मजुरी करत होता. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदीचा कायदा आला, पण आधीपासून राहणाऱ्यांना परत येण्यासाठी सरकारी दाखला मिळायचा. तो दाखला घेऊन चे चान पिंग १८८७ मध्ये गावी गेला. सप्टेंबर १८८८ मध्ये हाँगकाँगहून 'बेल्जिक' बोटीने निघाला. बोट समुद्रात असताना, १ ऑक्टोबरला, अमेरिकेने नवा कायदा करून असे सगळे दाखले रद्द केले. २०,००० च्या आसपास दाखले एका सहीने कागद झाले. ८ ऑक्टोबरला बोट बंदरात लागली. त्याच्या खिशात अमेरिकन सरकारच्या शिक्क्याचा दाखला होता आणि त्याला उतरू दिलं नाही. १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं बरोबर ठरवलं, आणि निकाल लिहिला याच फील्ड यांनी. परक्यांना येऊ द्यायचं की नाही हा राष्ट्राचा अधिकार, दिलेला दाखला केव्हाही मागे घेता येतो.

त्या एका आठवड्याचा विचार मनातून जात नाही. बोटीवर त्याला काही कळलं नसणार. तो रोज पश्चिमेकडे मागे टाकलेलं गाव आठवत असेल, नाहीतर पुढच्या कामाचा हिशोब करत असेल.

चीनमध्ये परक्याला काय न्याय मिळाला असता, यावर एवढंच म्हणेन की लिंग सिंगच्या खुनाचा न्याय मागायला कुणी चीनच्या कोर्टात गेलं नव्हतं. जिथे खून झाला, जिथे त्याच्याकडून दरमहा कर घेतला, तिथेच मागितला होता.

---

शंकासूर

बोटीची गोष्ट माहीत नव्हती. 'व्यवस्थेने स्वतःला सुधारलं' हे मी घाईने लिहिलं, मागे घेतो. जे जिंकले तेही वर्गणी काढून, तुरुंगात बसून जिंकले हे आता लक्षात येतंय. वाचतोय, लिहीत राहा.

---

पोर्टलुई

मी मॉरिशसला चार वर्षं नोकरीला होतो, म्हणून हा आयडी. तिथे पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. सोळा दगडी पायऱ्या. जवळजवळ पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, त्या बंदरातून बेटावर आले, आणि त्यात मुंबईहून बोटीत बसलेली आपली रत्नागिरीकडची माणसंही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, आरत्या म्हणतात, स्वतःला मराठी म्हणवतात. त्या पायऱ्यांवर उभं राहिलं की गळा दाटून येतो.

तिथल्या कोर्टांची कथा याच जातीची. १८६७ चा भटक्यांविरुद्धचा कायदा होता. करार संपलेल्या मजुराने पोलिसांचा पास जवळ बाळगायचा, त्यावर फोटो लावलेला. पास घरी राहिला, जिल्हा ओलांडला, की अटक आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभं. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, याला तिथे 'डबल कट' म्हणत. आता मालकाविरुद्ध तक्रार करायची तर मळा सोडून कोर्टात जायला हवं, आणि मळा सोडला की तोच गुन्हा. तक्रार करायला निघालेला माणूस वाटेतच आरोपी व्हायचा.

१८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ या जर्मन वंशाच्या माणसाने मजुरांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज नेला, त्यावर ९,४०१ मजुरांची नावं होती. मळेवाले त्याच्यावर तुटून पडले. पण त्या अर्जामुळेच १८७२ मध्ये चौकशी आयोग आला. त्यातले एक सदस्य, विल्यम फ्रिअर, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले. मजुरांचं म्हणणं पुष्कळ अंशी खरं निघालं.

ताई, तुम्ही अर्जांवरच्या हजारो सह्यांचं लिहिलंत म्हणून हे आठवलं. ९,४०१ मधल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. तरी त्यांनी नाव दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मालकाच्या उसात उभे राहिले.

---

रानजाई

पोर्टलुई, हे शाळेत का नाही शिकवलं आपल्याला? माझं आजोळ रत्नागिरीजवळचं. 'मिरीच देशी गेला तो आलाच नाही' असं आजी कुणाबद्दल तरी म्हणायची. मिरीच म्हणजे मॉरिशस हे मला आज तुमच्यामुळे उमगलं.

---

जुनावकील

रानजाई, आजीचं ते वाक्य जपून ठेवा.

मुंबईचंही थोडं लिहितो, नाहीतर आपण सगळं परदेशावर ढकलतोय असं व्हायचं. १८२६ च्या ज्यूरी कायद्याने हिंदुस्थानातल्या लोकांना मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या सुप्रीम कोर्टात ज्यूरीत बसायची मुभा मिळाली. पण ग्रँड ज्यूरी, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे आधी ठरवणारी ज्यूरी, फक्त ख्रिस्ती माणसांची, आणि आरोपी ख्रिस्ती असेल तर ज्यूरीही सगळी ख्रिस्तीच. म्हणजे साहेबाचा न्याय जगन्नाथ शंकरशेट करू शकत नव्हते, पण शंकरशेटांचा न्याय कुणीही ख्रिस्ती व्यापारी करू शकत होता. १८३२ मध्ये ही अट गेली, आणि काही वर्षांतच नाना शंकरशेट जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद मॅजिस्ट्रेट, झाले.

मग १८८३ चं इल्बर्ट बिल. मुंबई शहरात हिंदी मॅजिस्ट्रेट गोऱ्याचा खटला चालवू शकत होता, पण कल्याणच्या पुढे गेलं की नाही. तोच माणूस, तीच पदवी, तीच परीक्षा पास झालेला. बदली मोफसिलात झाली की अधिकार गेला. हे काढायला बिल आणलं तर गोऱ्यांनी देशभर आकांत मांडला. १८८४ ला तडजोड झाली. गोऱ्या आरोपीला ज्यूरी मागता येईल आणि तिच्यात निम्मे तरी युरोपियन किंवा अमेरिकन हवेत. शब्द नीट वाचा, युरोपियन किंवा अमेरिकन. पुण्याला कोर्टात साहेबावर खटला चालला तर बोस्टनहून आलेला व्यापारी त्याच्या ज्यूरीत हक्काने बसणार, आणि सदाशिव पेठेतला पदवीधर निम्म्या जागांवर चालणार नाही.

आणि शपथेचं एक. गंगाजळी हातात घेऊन शपथ घ्यायची रीत आपल्या कोर्टांत १८४० पर्यंत होती, त्या वर्षी कायद्याने ती जाऊन प्रतिज्ञा आली. सॅन फ्रान्सिस्कोला चिनी साक्षीदार पिवळा कागद जाळून शपथ घ्यायचे असं मी कुठेतरी वाचलंय. कोर्टात आपल्या देवाला बोलावूनही आपलं ऐकलं जाऊ नये, यासारखं दुखणं नाही.

---

रानजाई

वकीलकाका, एक विचारू? चिनी माणसं स्वतःला 'इंडियन' आणि काळ्यांच्या पंक्तीत बसवल्याबद्दल चिडली नव्हती का? आपल्याकडे पाहते म्हणून विचारते.

---

खाडीकाठ

रानजाई, मी उत्तर देते, कारण हा भाग मला पहिल्या लेखात लिहवला नाही. होय, चिडली होती. १८५५ मध्ये लाय चुन-चुएन या व्यापाऱ्याने जे निवेदन केलं त्यात दुःख होतं की आम्हाला निग्रो आणि इंडियन लोकांच्या बरोबरीला आणलं, ज्या इंडियनांना कपडे आणि जोडे माहीत नाहीत. ज्याच्या छातीवर पाय होता तो पायाबद्दल बोलायच्या आधी शेजारी पडलेल्याचा विटाळ सांगत होता. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं ती काही आपल्याच मुलखात उगवत नाही. मला हे वाचून त्या माणसाचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. १८६३ मध्ये काळ्यांची बंदी उठली आणि चिन्यांची राहिली, तेव्हा दोघांनी मिळून मागितलं असतं तर, असं सारखं येतं मनात.

आता साक्षीचं राहिलेलं. १८७३ ला बंदी गेली असं मी लिहिलं, पण ती दुसऱ्या दाराने आत आली. १८९२ च्या गिअरी कायद्याने प्रत्येक चिनी मजुराला रहिवासाचा दाखला सक्तीचा केला. दाखला नसताना सापडला आणि 'मी आधीपासून इथेच राहतो, दाखला घेता आला नाही' असं म्हणाला, तर ते सिद्ध करायला कायद्याने काय मागितलं? निदान एक विश्वासार्ह गोरा साक्षीदार. कायद्याच्या मजकुरात हा शब्द आहे, 'गोरा'. चायनाटाउनमध्ये वीस वर्षं राहिलेल्या माणसाला शेजारी, दुकानदार, जोडीदार, सगळे ओळखत असतील. त्यातला एकही चालत नाही. हजारो लोकांनी ठरवून दाखला घेतलाच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८९३ मध्ये ते हरले.

शेवटी वाँग किम आर्क. तो याच शहरात, सॅक्रामेंटो स्ट्रीटवर जन्मलेला. मी जिथे भाजी घेते तिथून दोन मिनिटांवर. स्वयंपाकी होता. १८९५ च्या ऑगस्टमध्ये चीनहून 'कॉप्टिक' बोटीने परत आला तेव्हा कस्टमच्या अधिकाऱ्याने सांगितलं, तू नागरिक नाहीस. काही महिने त्याला बंदरातल्या बोटींवर ठेवलं, एक बोट निघाली की दुसरीवर. स्वतःचं गाव समोर दिसतंय, धक्क्यावरची माणसं दिसतायत, आणि पाय टेकवायची परवानगी नाही. मार्च १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की इथे जन्मला तो इथला नागरिक. माझ्या मुलीचा जन्म इथला. तिचा पासपोर्ट ज्या निकालावर उभा आहे तो हा.

त्याच्या प्रकरणाची कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत. १८९४ मध्ये चीनला जाण्याआधी त्याने एक प्रतिज्ञापत्र करून ठेवलं होतं, त्याची प्रत मी पाहिली. हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला हे आम्ही जाणतो, असं त्यात लिहिलंय. खाली ओळीने सह्या आहेत. सगळ्या गोऱ्या माणसांच्या.